टेम्पल लेनची पाचवी खोली

टेम्पल लेन, किंग्स्टन
९ फेब्रुवारी

प्रिय खांबेटे,

साष्टांग नमस्कार. मणक्यानं असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली. उरलेल्या तिन्हींचा भाव तेवढा गोड मानून घ्यावा.

पत्रास कारण, मजवर होत असलेला एक घोर अन्याय. तो न्यायालयापुढं मांडावा की तुझ्यासारख्या निवृत्त डॉक्टरापुढं, याचा मी बराच विचार केला. न्यायालयातले पंखे बंद आहेत, म्हणून तुझी निवड झाली. समोरच्या नव्या हॉटेलानं गवती चहाचा वास सोडायला सुरुवात केली आहे. चहा नव्हे, नुसता वास! दाराशी एक यंत्र ठेवलं आहे, ते अधूनमधून फुस्स करतं, आणि कुणी पाहुणा आत-बाहेर गेला की तो वास रस्ता ओलांडून सरळ माझ्या उशीपाशी येतो. रत्नागिरीच्या पाठशाळेत मला धुरावरून विस्तवाचं अनुमान करायला शिकवलं; त्या एका विद्येवर मी आजवरचं आयुष्य काढलं. आता रोज सकाळी मी वासावरून चहाचं अनुमान करतो, मणका सावरत स्वयंपाकघरात जातो, आणि शेगडी थंडगार. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रोज उपाशीपोटी एक हेत्वाभास घडतो आहे, याची जबाबदारी कोणाची?

सौ. आयोनीला ही फिर्याद मान्य नाही. तिच्या लोकांत त्या पातीला तापाचं गवत म्हणतात. घरात कुणी फणफणलं तरच ती उकळायची. ती हॉटेलाकडे बघून म्हणते, "एवढा पैसा ओतला आणि वास आणला आजाऱ्याच्या खोलीचा. आहे तरी कोण आजारी तिथं?"

तर असं हे हॉटेल. तुला आठवतं ते खालचं शहर दुपारी चारला मिटायचं. दुकानांची लोखंडी दारं धडाधड पडायची, आणि मागे उरायचो आपण, मास लेस्टर न्हावी, चर्चवाली मदर आयसिल्डा आणि ज्यांना वरच्या, पैसेवाल्या शहरात कुणी दारात उभं करत नसे अशी मंडळी. आमच्या खोल्या फुकट देतो म्हटलं तरी कुणी जिना चढत नव्हतं. तू चढलास तो इस्पितळ जवळ पडतं म्हणून, आणि इतकी वर्षं राहिलास तो आयोनीच्या हातच्या माशामुळे. वैद्यकीय सेवेचं श्रेय उगाच घेऊ नकोस. टोळ्यांचा गोळीबार सुरू झाला की आपण सगळे जेवणाच्या टेबलाखाली बसायचो आणि तू आमच्या ओजसला पाढे शिकवायचास. त्या मुलाला सातापर्यंतचेच पाढे येतात, कारण पुढं गोळीबार कमी झाला.

आता बघ. बंदराकडच्या गोदामांवर चित्रं रंगवली आहेत. एका मोठ्या कंपनीची कचेरी आली, तिच्या मागं एक सरकारी खातं आलं, आणि त्यांना जेवायला घालायला लोक आले. सगळं हळूहळू चाललं आहे हो, अगदी आजारातून उठलेल्या माणसासारखं. एक इमारत जिवंत होते आणि शेजारच्या दोन छपरांतून झाडं उगवलेल्या अवस्थेत तिच्याकडे बघत उभ्या राहतात. पण खोल्या! खोल्यांना असा भाव आला आहे की विचारू नकोस. फोनवरून परदेशी गिऱ्हाइकांची समजूत काढायची नोकरी करणाऱ्या मुली येतात, इंजिनियर येतात, फोटोवाले येतात. जिन्याखालून हाक येते, "खोली आहे का, मिस आयोनी?" ही हाक ऐकायला ती बाई वीस वर्षं कान देऊन बसली होती. आता दिवसातून चारदा येते, तेव्हा खिडकीतून ओरडते, "इतके दिवस कुठं होतास रे बाबा? आम्ही इथंच होतो!"

गेल्या आठवड्यात समोरून मिस ॲशमीड आल्या. हॉटेलातल्या खोल्यांचा कारभार त्यांच्याकडे असतो. तरुण, हुशार, नम्र. टीका करायला कुठं जागाच नाही, त्यामुळे माझा थोडा विरस झाला. त्यांचं म्हणणं असं की मंगळवार ते शुक्रवार हॉटेल तुडुंब असतं, लोकांना परत पाठवावं लागतं. आमचा वरचा मजला त्यांना करारानं हवा. डागडुजी त्यांची, पाहुणे त्यांचे, भाडं आमचं. फक्त गल्लीतला बाहेरचा जिना काढून दर्शनी बाजूला नवा करायचा, म्हणजे पाहुण्यांना अंधाऱ्या गल्लीत शिरायला नको.

"वर एकंदर खोल्या किती, पंडित?"

"चार," मी म्हणालो.

"बाहेरून खिडक्या पाच दिसतात."

"एक शोभेची आहे."

आतून आयोनी म्हणाली, "नवरा शोभेचा आहे. खिडकी खरी आहे."

मग मला कारणं द्यावी लागली. पहिल्यांदा म्हणालो, त्या खोलीत ओल येते. मग म्हणालो, लाकूड इतकं कोरडं पडलं आहे की वाळवी लागली. शेवटी म्हणालो, तिथं देवळाचं सामान आहे. बाई शहाण्या. "चारांपासून सुरुवात करू," म्हणाल्या आणि आयोनीनं दिलेला पपनसाचा रस पिऊन गेल्या.

ही गल्ली टेम्पल लेन, इथं देऊळ नाही. आणि मी पंडित, मला यजमान नाही. दोघांचं जमून गेलं होतं. आता दोघांचेही चेहरे रंगवायला निघाले आहेत.

ओजसची काही बातमी नाही. तू विचारशील म्हणून लिहिलं.

तुझा
त्रिविक्रम


टेम्पल लेन
२० मे

प्रिय खांबेटे,

तुझं पत्र पोचलं. आख्ख्या कागदावर एकच ओळ: 'पाचव्या खोलीचं काय?' तुझ्या त्या मिसिसागात कागद इतका स्वस्त आहे हे माहीत नव्हतं. पण तुझी ही जुनी खोड आहे. रोगी हवापाण्याच्या गप्पा मारत असतो आणि तू गुपचूप त्याचं मनगट धरतोस.

खोली तशीच आहे. पलंग खिडकीखाली, कारण ओजसला झोपून बंदरातली जहाजं बघायची असत. कपाटावर तू दिलेला बुद्धिबळाचा पट, खुंटीला निळा शर्ट. महिन्यातून एकदा मी आत जाऊन धूळ झटकतो आणि सगळं होतं तसं ठेवतो. शर्ट खुंटीला ज्या बाजूनं लटकतो तीही बाजू बदलत नाही. हे आयोनीला माहीत आहे. ती त्या खोलीत जात नाही.

तुला माहीत आहे त्याहून अधिक मला माहीत नाही. तो मालाच्या बोटीबरोबर समुद्रापलीकडच्या कोलोन बंदराला गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बाकीचे परत आले. बोटीचा कप्तान आमच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "धक्क्यावर उतरला, आईला फोन करायचं कार्ड घेतो म्हणाला. आम्ही ओहोटी लागेपर्यंत थांबलो, मिस आयोनी. नाही आला." तिकडच्या पोलिसांनी एक शिक्का मारला. त्याला आता सात वर्षं होतील.

आमच्या शास्त्रात याची सोय आहे. परदेशी गेलेल्याची वार्ता कळेना झाली तर बारा वर्षं वाट पाहावी. मग पळसाच्या देठांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि त्याला अग्नी द्यावा. या यादीतलं किंग्स्टनमध्ये काय मिळतं? नारळ. आणि समजा, सगळं यथासांग झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला, तर शास्त्रकार गडबडत नाहीत. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून बाहेर काढावा, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत, नव्यानं जन्मला असं समजावं. सहा फुटी ओजस मावेल एवढा तुपाचा कुंभ मी कुठून आणणार, हा हिशेब मी गंमत म्हणून मनात करायचो. किती डबे, कोणत्या दुकानातून. खांबेटे, एखादा माणूस अशा हिशेबावर बरेच दिवस काढू शकतो.

आयोनीची रीत निराळी आहे, ती तू पाहिलेली आहेस. माणूस गेला की नऊ रात्री जागायचं, नवव्या रात्री गाणी, रम, मासे, डॉमिनो. आणि उजाडायच्या आत त्याची खोली फिरवायची. पलंग दुसऱ्या भिंतीला, कपाट तिसरीकडे, आरसा उलटा. म्हणजे गेलेला परत डोकावला तर त्याला खोली ओळखू येत नाही, आपली नव्हे म्हणून तो पुढं जातो. ओजससाठी हे करावं असं ती गेली दोन वर्षं म्हणते आहे. मी बारा वर्षांचा नियम पुढं करतो. परवा ती भांडी घासता घासता म्हणाली,

"पंडित, तुझ्या पुस्तकात बापानं किती वाट बघायची ते लिहिलंय. आईनं किती बघायची ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग ते पुस्तक बापांनीच लिहिलेलं दिसतंय."

बत्तीस वर्षं शास्त्रार्थ केला, हरलो नेहमी मोरीपाशीच.

आता खरी गोष्ट लिहितो. चार खोल्यांत हॉटेलाचे पाहुणे मार्चपासून येऊ लागले. जिना अजून जुनाच. बार्बाडोसचा एक इंजिनियर, तिसऱ्या खोलीतला, नाश्त्याला बसला होता. अंडं खाता खाता म्हणाला, "तुमचा तो मुलगा फार सभ्य आहे हो. दिवेलागणीला जिन्यावर बसतो ना, तो. मी आलो की गुडघे बाजूला घेतो, जायला वाट देतो. पण बोलत मात्र नाही."

आयोनीच्या हातात कढई होती. तिनं ती शेगडीवर ठेवली, मग शेगडी बंद केली, मग टेबलाशी येऊन बसली. विचारलं मी.

"कुठल्या पायरीवर?"

"खालून दुसऱ्या-तिसऱ्या. बुटाची नाडी बांधत असतो."

गल्लीतला कुणी असेल, मी म्हणालो. फोन घ्यायला बसत असेल, तिथं रेंज येते. मी शेजारीपाजारी विचारून आलो. मास लेस्टरच्या दुकानात जाऊन विचारलं. त्यानं अर्ध्या दाढीत गिऱ्हाईक तसंच ठेवलं आणि म्हणाला, "तुझा पोरगा ओजे होता तो. मला दोनदा दिसलाय. तुला सांगून काय उपयोग, पंडित, तू पुरावा मागितला असतास." पुढच्या आठवड्यात फोनवरच्या नोकरीतली एक मुलगी, तिला आमच्या घराची काही माहिती नाही, ती आयोनीला म्हणाली, "जिन्यावरच्या दादाला सांगा ना, तिथं डास चावतात."

आता माझी पंचाईत पाहा. घरातले सगळे घाबरले आहेत ते भूत दिसतं म्हणून. मी घाबरलो आहे निराळ्याच कारणानं. भूत असेल तर मुलगा नाही. इतकं सरळ अनुमान आहे, पाठशाळेतला पहिल्या वर्षाचा मुलगा करील. म्हणून मी एकटाच त्या जिन्यावर कुणी नाही असं म्हणतो, आणि रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन गल्लीत बसतो, त्याच्याकडे तोंड करून. मला काही दिसलं नाही. दिसू नये अशी इच्छा धरून बघितलं की दिसत नसावं.

मदर आयसिल्डा डोक्याला पांढरं फडकं बांधून येऊन गेली. जिन्याशी उभी राहिली, नाकानं थोडी हवा ओढली, आणि मला म्हणाली, "पोरगा अवघडलाय. कुणी त्याला 'जा' म्हटलं नाही, कुणी 'ये' म्हटलं नाही. तुमच्या घरात कुणी धड बोलतं का रे?"

आणि यात भर म्हणून हॉटेलाचा कंत्राटदार बरेल. जिना तोडायला त्याची माणसं आली, हत्यारं खाली ठेवली आणि परत उचलली. "ज्या जिन्यावर कुणी बसलंय तो मी तोडत नाही, पंडित. आधी त्याला रीतीनं निरोप द्या. मग सांगा, एका दिवसात काढतो." मी म्हणालो, "अरे, तू सिमेंटचा माणूस." तो म्हणाला, "सिमेंटमध्ये राहायचं कुणाला असतं? माणसालाच ना?"

त्यावर काल मिस ॲशमीड आल्या. फार अवघडल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

"तुमच्या घरच्या बाबीत मला पडायचं नाही. पण सप्टेंबरात मोठी परिषद आहे. शहरात खोली उरलेली नाही. आम्ही तुमचा मजला गृहीत धरून लोकांना होकार दिलाय. बरेल म्हणतात की आधी तो... समारंभ व्हायला हवा. ऑगस्टपर्यंत जमेल का?"

खांबेटे, मी पुष्कळ मुहूर्त काढले आहेत. लग्नाचे, मुंजीचे, एका सिंधी शेठजीच्या दुकानाचे. पण हॉटेलातल्या खोल्यांना मागणी किती, यावरून माझ्या मुलाच्या निरोपाचा दिवस ठरावा, हे गणित कुठल्याही पंचांगात नाही. मी बाईंना म्हणालो, बघतो. त्यांनी जाताना माझा हात दाबला. हात थंड होता. त्यांचा की माझा, ते कळलं नाही.

आयोनी दारात उभी होती. "मी रोज एक ताट जास्त काढते, पंडित," ती म्हणाली, "आणि रोज परत मांडणीवर ठेवते. सात वर्षं. तू कधी पाहिलं नाहीस, कारण तू जेवताना वाचतोस. आता मला दमायला झालंय."

मी खरंच पाहिलं नव्हतं.

तुझा
त्रिविक्रम


टेम्पल लेन
२८ ऑगस्ट

प्रिय खांबेटे,

फोन तीनदा आला, मी उचलला नाही, त्याबद्दल रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला असता तर मला लिहिता आलं नसतं.

मी हो म्हणालो.

पहिली अडचण होती ती मोजणीची. मेल्याची तिथीच नाही, तर नववी रात्र कुठून मोजणार? मला वाटलं होतं, इथं तरी आयोनी अडेल. मी विचारलं. ती म्हणाली, "ज्या दिवशी मी मान्य केलं त्या दिवसापासून." मदर आयसिल्डानं मान हलवली. बरेलनं मान हलवली. शास्त्रकारांना एवढं साधं उत्तर सुचलं नाही.

नवव्या रात्रीसाठी गल्लीत मांडव घातला. मासे तळले, बॅमी, त्या कंदाच्या भाकऱ्या, भाजल्या, बकऱ्याच्या सुपाचा मोठा हंडा चढला. जुनी माणसं दूरदूरहून आली. जी पूर्वी या गल्लीत राहायची आणि आता राहत नाहीत ती. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर अशा आपटत होत्या की तुला टेबलाखाली शिरावंसं वाटलं असतं. मास लेस्टरनं ओजसच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी त्यानं न्हाव्याच्या खुर्चीवर बसायला नकार दिला होता, कारण शास्त्रात केस कापायलाही मुहूर्त लागतो असं मी त्याला सांगितलं होतं. सगळे खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं की सगळे 'होता' म्हणत आहेत, आणि मीही.

हॉटेलानं काय केलं असेल? दारातल्या फळ्यावर लिहिलं, 'आज सायंकाळी शेजारी पारंपरिक संगीत. सर्वांचं स्वागत.' मिस ॲशमीड त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन माफी मागून गेल्या. पण पाहुणे आले. चांगले कपडे घालून, फोन उंच धरून. त्यांतला एक गोरा म्हातारा आयोनीपाशी आला, तिनं त्याला कागदी ताटलीत मासा वाढला.

"कुणाचा कार्यक्रम आहे हा?" त्यानं विचारलं.

"माझ्या मुलाचा."

"वाढदिवस?"

"तसंच काहीतरी," आयोनी म्हणाली. "अजून एक घ्या. काटे जपून."

मी दोन शब्द आमच्या रीतीचेही म्हणावेत अशी तिची इच्छा होती. मी हातात पाणी घेतलं. गोत्र उच्चारलं, नाव उच्चारलं. नावापुढं एक शब्द लावायचा असतो, तो तुला ठाऊक आहे. तो लावला की माणूस इकडचा राहत नाही. तिथं मी थांबलो. घशात काही अडकलं असं वाटून कुणीतरी मला रमचा पेला दिला. मी ओजसचं नुसतं नाव घेऊन पाणी सोडलं. कुणाला कळलं नाही. आयोनीला कळलं असावं, कारण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला तो तिथल्या तिथं दुखेल इतक्या जोरानं.

उजाडायच्या सुमारास खोली फिरवली. पलंगाचं एक टोक बरेलनं धरलं, दुसरं मी. मणक्याची आठवण झाली नाही. निळा शर्ट मदर आयसिल्डानं खुंटीवरून काढला, घडी घातली आणि पोटाशी धरून बाहेर नेला. मग केरसुणीनं आतून दाराकडे झाडत गेली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन अगदी हळू, आंगठ्याएवढ्या पोराशी बोलावं तशी म्हणाली, "जा बाळा. इथं आता तुझं काही नाही. जा."

मी तिला विचारलं, "मदर, तो जिवंत असेल आणि आला तर? त्यालाही ओळखू येणार नाही."

ती म्हणाली, "जिवंत माणूस विचारतो, पंडित. मेलेला विचारत नाही. तेवढाच तर फरक आहे."

त्या वाक्यावर मी आठ-दहा दिवस अगदी सुखात होतो. घरही सुखात आहे. बरेलनं शब्द पाळला. जिना एका दिवसात गेला. गल्लीच्या बाजूला आता सपाट भिंत आहे, तिला मोहरीसारखा पिवळा रंग दिला आहे. नवा जिना दर्शनी बाजूला, पितळी कठड्याचा. खाली जिथं आपली जेवणाची जागा होती तिथं टेबल मांडून एक मुलगी बसते आणि पाहुण्यांची नावं विचारते. पाचव्या खोलीत पहिलं जोडपं राहून गेलं. खिडकीतून बंदर दिसतं म्हणून फार खूश होतं, पलंग मात्र खिडकीखाली असायला हवा होता म्हणालं. जिन्यावर कुणी दिसत नाही. दिसणार कसं, जिनाच नाही. आयोनी शांत झोपते. परवा कामात गुणगुणत होती. सात वर्षांत पहिल्यांदा. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत गेलो, माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं थांबू नये म्हणून.

आणि खालचं शहर म्हणशील तर आता रात्रीही उजेड असतो. मोडक्या इमारतींपैकी आणखी एक घेतली म्हणे, तिच्यात राहायची घरं करणार. मास लेस्टरचं दुकान गेलं, भाडं झेपेना. तिथं थंड कॉफी मिळते. तो पोर्टमोरला मुलीकडे राहायला गेला. मदर आयसिल्डाच्या आवारातही घरं उठणार आहेत, ती महिनाअखेर भाचीकडे निघाली. मी तिचं सामान बांधायला गेलो होतो. माझ्याकडून दोरी ओढून घेत म्हणाली, "गाठसुद्धा धड मारता येत नाही, आणि म्हणे लोकांची लग्नं लावतो." बरेल तर मूळचा इथला नाहीच. गल्लीत माणसं पुष्कळ झाली, खांबेटे. चेहरे हसरे आहेत, सगळे मला 'गुड मॉर्निंग' म्हणतात.

आता तुला का लिहितो आहे ते सांगतो. मला भुताची भीती नाही. तो मेला असेल तर जे करायचं ते झालं, आणि आयोनीच्या माणसांनी ते माझ्या माणसांपेक्षा मायेनं केलं. मला भीती आहे ती मदर आयसिल्डाच्या त्या वाक्याची. जिवंत माणूस विचारतो, खरं आहे. पण विचारणार कुणाला? लेस्टर नाही, आयसिल्डा नाही. तो गल्लीत येईल, जिथं जिना होता तिथं भिंत बघेल. मग पुढच्या बाजूनं येईल. आम्ही दोघं मागच्या खोलीत, तिथं पुढचं काही ऐकू येत नाही. टेबलाशी ती मुलगी असेल. बाहेरगावची, मॅन्डव्हिलची आहे, कामाला लागून महिना झाला. तिला ओजे कोण ते माहीत नाही, आणि माझं आडनाव इथं कुणाला उच्चारता येत नाही. तो एकतीस वर्षांचा झाला असेल. कदाचित दाढी असेल, अंगावर धड कपडे नसतील. ती मुलगी चांगली आहे, कुणाला हिडीसफिडीस करत नाही. ती संगणकाच्या पडद्याकडे बघेल आणि मऊ आवाजात सांगेल, "माफ करा, सगळ्या खोल्या भरल्या आहेत."

आणि आमचा ओजस भिडस्त. तो दुसऱ्यांदा विचारणार नाही.

मला झोप लागत नाही ती एवढ्यासाठी.

तुझा, अजून याच पत्त्यावर,
त्रिविक्रम